प्रश्न उतरवून घेण्याची सवय

बायको गेल्यावर तिचा रविवारचा वर्ग माझ्याकडे आला. घाटकोपरच्या एका शाळेत दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र आहे. नोकरी-संसार सांभाळून बी. ए. करणारी मोठी माणसं तिथे येतात. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलं, शिकवलं कधीच नाही. पण सत्र अर्धवट राहिलं होतं, आणि नाही म्हणायलाही त्राण लागतं.

तिच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे शेरा होता. अंगणवाडीत काम करणाऱ्या, मालवणकडच्या एका बाईंपुढे लिहिलं होतं, 'हात मंद. रोज दोन पानं.' या बाई इतिहासात दोनदा नापास झालेल्या. नोंदणीची मुदत संपत आली होती; या खेपेला राहिलं तर आधीची सगळी वर्षं वाया. तोंडी विचारलं की त्यांना सगळं येई. रोजची दोन पानंही त्या घरी लिहून दर रविवारी न चुकता आणत. मी तपासायचो, सही करायचो. याने काही होत नाहीये, हे दोघांनाही कळत होतं.

शेवटी एका रविवारी त्यांना घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवलं. तीन तासांत पाचांपैकी तीनच उत्तरं झाली. मी शेजारी बसलो होतो म्हणून दिसलं. प्रत्येक उत्तराआधी त्या छापील प्रश्न अख्खा उतरवून घेत, पट्टीने खाली दोन रेघा मारत, मग 'उत्तर' लिहून त्यालाही रेघ.

मागच्या बाकावरचा रिक्षावाला विद्यार्थी डोकावला. "काकू, पेपर लिहिताय की रांगोळी काढताय?"

"गप रे मेल्या. तुझं अक्षर तुझ्या रिक्षासारखंच, मिळेल तिथे घुसतं."

मी म्हटलं, "प्रश्न लिहू नका. नुसता क्रमांक घाला."

"असं कसं, सर? प्रश्न उतरवला नाही तर आमच्या शाळेतल्या बाई पानच फाडायच्या."

"त्या बाई तुमचा पेपर तपासणार नाहीत."

त्यांना ते पटलं नाही. मी पट्टी काढून घेतली. पुढचे सहा रविवार त्यांचा पेन सवयीने प्रश्नाकडे वळायचा आणि मी वहीवर बोट ठेवायचो. दोघंही थकून जायचो.

परीक्षेच्या दिवशी मुलुंडच्या केंद्राबाहेर थांबलो. त्या जवळजवळ शेवटी बाहेर आल्या.

"पाचही झाले, सर."

"प्रश्न?"

"एकही नाय लिहिला. पान कसं उघडंबोडकं दिसत होतं हो."

निकालाला अजून अवकाश होता. घरी परतताना वाटभर मनात वाक्य जुळवत होतो: अगं, हात मंद नव्हताच. घरी लिहिलेल्या पानांना घड्याळ नसतं, म्हणून तुला दिसलं नाही. कुलूप काढेपर्यंत वाक्य नीट जुळलं होतं.

चहा ठेवला. मग तिची वही काढून तिच्या शेऱ्याखाली ते लिहिलं, जरा लहान अक्षरात.