लाल गठ्ठ्यातले अकरा कागद

मला लिहायची सवय नाही. विद्यार्थ्यांच्या जर्नलांवर सह्या करण्यात नोकरी संपली. पण मुंजाबाबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

मुंजाबा पडेगावचा, मेंढपाळाच्या घरातला, हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी, १९४८ला जन्मलेला. आमच्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता, मी प्रात्यक्षिकं घ्यायचो. दरवर्षी सहल मालवणला जाई. ओहोटीला खडक उघडे पडले की मुलं शेवाळ ओरबाडत. मुंजाबा मात्र बुडखा ठेवून वरचं तेवढं कापायचा. त्यात लपलेली खेकड्याची पिल्लं, गोगलगायी झटकून पाण्यात सोडायचा.

"हे समुद्राचं कुरण हाय सर," तो एकदा म्हणाला. "समदंच नेलं तर ह्यांनी खायचं काय?"

मग परातीत पाणी घेऊन तो शेवाळ तरंगवायचा, खालून कागद सरकवून अलगद उचलायचा. वर मलमलचा तुकडा, त्यावर रद्दीचा दाब. डिंक लागत नसे, शेवाळ आपल्याच चिकटीनं कागद धरायचं. हिरवं, तपकिरी, लाल असे तीन गठ्ठे कपाटात असत आणि कपाटाची किल्ली मुंजाबाच्या करदोड्याला.

१९७६ साली नवे विभागप्रमुख आले. त्यांचा विषय पिकांवरचे रोग. लाल गठ्ठ्यात हिरवट दिसणारे अकरा कागद पाहून ते चिडले, हिरव्यात टाकायला लावले. उन्हात वाढलेलं लाल शेवाळ असंच दिसतं, असं मुंजाबा हळूच म्हणाला. साहेबांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? सोमवारी किल्ली दुसऱ्या शिपायाकडे द्यायची ठरली.

शनिवारी सकाळी त्यानं माझ्या टेबलावर परीक्षानळी आणून ठेवली. त्या अकरा कागदांतल्याच एका शेवाळाचा तुकडा साध्या पाण्यात रात्रभर भिजवला होता. पाणी गुलाबी झालं होतं. हिरव्या शेवाळाचा रंग असा पाण्यात उतरत नाही. मी हे वाचलं होतं, त्याला पराती धुता धुता कळलं होतं.

"तुमचं ऐकतील सर. एवढं दाखवा."

मी हो म्हणालो. नळी खिडकीत ठेवली. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. आत माणसं बसली होती. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी कुणीच नव्हतं.

रविवार सुट्टीचा गेला. सोमवारी पाहिलं तर उन्हानं पाण्याचा रंग उडाला होता. मुंजाबानं नळीकडे पाहिलं, करदोड्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली आणि तुम्हीच देऊन या म्हणाला. ती मात्र मी लगेच देऊन आलो.

पुढं त्यानं कॉलेजच्या बागेत बदली मागून घेतली. सहलीला पुन्हा आला नाही. बागेत समोरासमोर आलो की नमस्कार करायचा, तेवढंच.

साहेब निवृत्त झाले तेव्हा मुंजाबाही नोकरी सोडून गेला होता. मी अकराही कागद लाल गठ्ठ्यात परत ठेवले आणि ते सांगायला पडेगावला गेलो. दारात त्याची बायको म्हाळसाबाई होती. एकदा आत वळून बघून, तो मेंढरांमागं गेलाय म्हणाली. मी तिलाच सगळं सांगितलं.

"त्यांना ठाऊकच व्हतं की ते," ती म्हणाली.

मी दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसलो. मेंढरं आली. त्यांच्यामागं मुंजाबा नव्हता, त्याचा भाऊ होता.