कच्ची झुकिनी चालायची

रत्नाबाई काल गेल्या आणि आमच्या लाइनीतल्या बायकांना आज त्यांचा पुळका आलाय.

ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेली चित्रं पडताहेत. एकीने लिहिलंय, "आपल्या लाइनची अन्नपूर्णा हरपली."

अन्नपूर्णा?

कोणी खाल्लं हो त्यांच्या हातचं अन्न? एकीचं नाव सांगा.

मीही नाही खाल्लं. ऊर्जानगरच्या या क्वार्टरमध्ये बारा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले, तरी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रत्नाबाई माझ्या शेजारीण. त्यांचे मिस्टर आणि माझे, दोघं वीज प्लांटमध्ये एकाच शिफ्टला. त्यांचं घर बौद्ध, आमचं कुणबी. आमच्या लाइनीत हे कोणी मोठ्याने बोलत नाही. विसरत मात्र कोणीच नाही.

त्यांचा मुलगा सुमेध मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी दिवाळीला घरी येताना त्याने झुकिनीच्या बिया आणल्या. रत्नाबाईंनी मागच्या अंगणात लावल्या.

पहिलं फळ धरलं तसं त्यांनी त्याला लाल चिंधी बांधली. आपल्याकडे लवकीचं, म्हणजे दुधीचं, पहिलं चांगलं फळ बियाण्याला राखतात ना, तसंच. कोणी हात लावायचा नाही.

फळ फुगत फुगत मांडीएवढं झालं आणि झाडाने नवीन फळं धरणंच बंद केलं.

सुमेध सुट्टीवर आला आणि त्याने डोक्यालाच हात लावला. म्हणाला, ते एक फळ झाडावर ठेवलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. शिवाय या हायब्रीडच्या बिया, पुढच्या वर्षी धड येणारही नाहीत. रत्नाबाई स्वतःवरच हसल्या, चिंधी सोडली, फळ तोडलं.

पंधरा दिवसांत झाड पुन्हा फळायला लागलं.

मग त्या पक्क्या झाल्या. मला कुंपणावरून शिकवायच्या. "वीतभर झाली का तोडाची, मंदा. नख लावून पाह्याचं, रुतलं पाह्यजे. टोकाले फूल चिकटून असलं तं अजूनच चांगली. दोन दिवस विसरली का मंग निरा बियाच."

रोज सकाळी पानांवर बसलेली प्लांटची राख फडक्याने पुसायच्या, मग चाकूने देठ ठेवून कापायच्या. आणि लाइनीत वाटायच्या. सगळ्या घरांत.

कच्ची सगळे घ्यायचे. कच्चीला काय होतंय!

एकदा त्यांनी शिजवून सुमेधच्या हाती पाठवली. लाखोळीच्या डाळीत घालून, वरून लसणाची फोडणी. डबा अजून गरम होता.

माझ्या सासूबाईंनी हसून डबा घेतला, "कशाला त्रास घेतला" म्हणाल्या, आणि सुमेधची पाठ फिरल्यावर भाजी गेटबाहेरच्या गाईपुढे ओतली. मी बघत उभी होते. मग मी डबा घासला आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात साखर घालून परत केला.

रीत पाळली बघा आम्ही.

दुसऱ्या दिवशी रत्नाबाई कुंपणाशी आल्या. विचारलं, कशी झाली होती?

मी म्हटलं, "मस्त. मीठ-मसाला अगदी बरोबर."

"मीठ टाकाचंच राह्यलं होतं वं," त्या म्हणाल्या. "आमी जेवाले बसलो तवा समजलं. तेच सांगाले आली होती."

आणि घरात गेल्या. एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासूबाईंवर ढकलणं सोपं आहे. पण त्या पुढच्याच वर्षी गावी राहायला गेल्या. त्यानंतर मला कोणी अडवलं होतं? रत्नाबाई बोलवायच्या, "ये, दोन घास खाऊन जाय." माझा कधी उपास, कधी नुकतंच जेवण झालेलं, कधी गॅसवर दूध. वर्षभर माझ्या गॅसवर दूधच असायचं.

हळूहळू त्यांनी बोलावणं सोडलं. कच्ची झुकिनी मात्र येत राहिली.

आणि मागच्या हिवाळ्यातली माझी ती पोस्ट आठवते? "आमच्या बागेतली झुकिनी, पाच प्रकार!" तुम्ही काय कौतुक केलं होतं माझं.

बाग त्यांची. प्रकारही त्यांचेच. कोवळीच्या चकत्या तव्यावर तेल-तिखटात परतायच्या. मधली चिरून जवसाची चटणी भरायची. लाखोळीची डाळ तर सांगितलीच. थोडी जून झाली तर बिया काढून किसायची, बेसन आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून धिरडी. अगदीच हाताबाहेर गेली तर वड्या उन्हात वाळवायच्या. सगळं कुंपणावरून ऐकलेलं. चव कशी लागायला हवी ते मला माहीतच नव्हतं, अंदाजाने करत होते.

त्या पोस्टला त्यांनीही लाइक दिला होता. मी त्यांचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं.

काल अंत्यविधीनंतर त्यांच्या सुनेने चहा आणला. आमच्या लाइनीतल्या सगळ्या बायका एकदमच उठल्या. कोणाचं पोरगं एकटं, कोणाचं डोकं दुखतंय. बाहेर रस्त्यावर येऊन मात्र अर्धा तास गप्पा मारत उभ्या. त्यात मी पण होते.

आज सकाळी सुमेध दारात आला. डोळे सुजलेले, हातात पिशवी. त्या आठ दिवस दवाखान्यात होत्या, त्यात तोडणी राहिली होती. अंगण फळांनी भरलंय म्हणाला.

मी म्हटलं, अरे, आज कशाला? घरात एवढं दुःख.

"आईनंच सांगून ठेवलं होतं, काकू," तो म्हणाला. अगदी साधेपणाने, टोमणा नव्हता त्यात. "मंदाकाकूकडे कच्चीच देजो. शिजवलेली त्यायले चालत नाई."

पिशवी ओट्यावर पडली आहे.

रत्नाबाई, श्रद्धांजली बाकीच्या वाहताहेत, त्यांना वाहू द्या.

तुम्ही मला माफ करू नका.