बोटीतनं आलेली काकी

बोटीत बसून विलायतेला जाऊन आलेली बाई म्हणून आमच्या पंचक्रोशीत माझं नाव झालं. अजून कुणी म्हातारं माणूस भेटलं की विचारतं, “काय काय बगितलंस गं तिकडं?” काय बघणार, डोंबल! जाताना एका साहेबाचं पोर मांडीवर, येताना दुसऱ्या साहेबाचं. वर गोरी माणसं आरामखुर्च्या टाकून उन्हात पडायची, संध्याकाळी बँड वाजायचा, मडमा नाचायच्या. आम्ही पोरं सांभाळणाऱ्या आया खाली, इंजिनाची धडधड ऐकत लंगोट वाळत घालायचो. समुद्र मी पाहिला तो गोल खिडकीच्या काचेतून. एवढीच माझी विलायत. माझं खरं काय ते झालं परत आल्यावर, कुरुळीत, आमच्याच दारात.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला, तेव्हा लेक पोटात होती. सासरी सासू, थोरले दीर आणि जाऊ. जाऊबाईंच्या लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी त्यांची कूस उजवली नव्हती. त्या गरीब, हाक मारली तरी दचकणाऱ्या. मी पहिल्यापासून तोंडाळ. सासूनं एक म्हणावं आणि मी दोन ऐकवावीत. रोजच्या कटकटीला विटून मी तान्ही पोर घेतली आणि चिंचवडला एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यात आया म्हणून राहिले. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, पण कारखाने उभारायला असे साहेब अजून यायचे. त्यांचीही मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. दोघी एका चटईवर रांगायच्या, एकीचा खुळखुळा दुसरी ओढायची.

साहेबाचं इथलं काम संपलं. मडम म्हणाली, बाळ तुझ्याशिवाय राहत नाही, बोटीवर सोबत चल, आम्हाला घरी पोचव आणि पुढच्या बोटीनं परत ये. पैसे चांगले मिळणार होते. मी मनात म्हटलं, तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न. नंतर कुणाच्या दारात उभं राहायला नको, लेकीला मी माझ्या हिमतीवर वाढवीन. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पोरीला ठेवायला कुरुळीला गेले. ती सव्वा वर्षाची होती, नुकती धरून धरून चालायला लागलेली. मी निघायच्या वेळी सासूनं आळीतल्या बायका बोलावल्या. जाऊबाईंना पाटावर बसवलं, त्यांच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला. मला म्हणाली, “आता पोरीला घाल तिच्या वटीत. तुज्या हातानं घाल.” ओटी अशी शुभाला भरतात. मला वाटलं, लांबचा प्रवास आहे, पोरीला नजर लागू नये, सगळं नीट व्हावं, म्हणून म्हातारीनं काहीतरी मांडलंय. उलट बरंच वाटलं मला! कधी नव्हे ती सासू माझ्यासाठी एवढं करतेय म्हणून. मी पोरीला उचललं, तिचा मुका घेतला आणि जाऊबाईंच्या ओटीत ठेवलं. जाऊबाईंनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. एका म्हातारीनं त्यांच्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मी डोळे पुसत एस. टी. गाठली.

तिकडं गेल्यावर मडमेला दुसरं मूल झालं आणि तिनं अंथरूण धरलं. पुढच्या बोटीनं जा, मग त्याच्या पुढच्या बोटीनं, असं करत दिवस गेले. शिवाय आम्हा आयांच्या परतीची रीत अशी होती की, हिंदुस्थानात निघालेल्या एखाद्या घराला पोर सांभाळायला बाई लागली तरच तिकीट मिळायचं. आता साहेब लोक यायचे थांबले होते, उलट निघून चालले होते. दोन वर्षांच्या वर मी तिथल्या थंडीत अडकले. खुशाली कळवत होते, आलेच म्हणून सांगत होते. रोज साहेबाच्या मुलीला न्हाऊ घालताना मनात मोजायची, आता माझीही एवढी उंच झाली असेल, तिलाही हे दात आले असतील. तिच्याच अंगाला लावून लावून मी लेकीसाठी लोकरीचा लाल झगा विणला.

शेवटी एक घर मिळालं आणि बोटीत बसले. त्यांचा मुलगा भलताच रडका, पण एडन बंदर येईपर्यंत असा लळा लागला, की माझा पदर सोडीना. पोरं वळवायची विद्या मला येतेच, खोटं कशाला बोलू! मुंबईच्या धक्क्यावर त्याच्या आईला त्याची बोटं माझ्या पदरातून एकेक करून सोडवावी लागली. ती रडवेली झाली, तर मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “काही काळजी करू नका बाईसाहेब, चार दिवसांत विसरतंय ते.” आणि मनात हिशेब केला, की माझी लेक जाऊबाईंना अशीच चार दिवसांत विसरेल.

मुंबईहून पुण्याला आगगाडी, पुण्याहून नाशिक रस्त्यानं जाणारी एस. टी. धरली. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल आला तशी मी सीटवर बसेना, ट्रंक हातात घेऊन दाराशीच उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, “ओ बाई, गाडी थांबल्यावर उतरायचं असतंय.” कुरुळीला उतरले तर पायाखालची जमीन अजून बोटीसारखी हलत होती.

दारात जाऊबाई आल्या. कडेवर माझी लेक. अगं बाई, केवढी झाली होती! केस विंचरून वर बांधलेले, नाक नेमकं तिच्या बापाचं. मी ट्रंक टाकली आणि दोन्ही हात पुढं केले. पोरीनं जाऊबाईंच्या मानेत तोंड खुपसलं. “थांब, तितंच थांब,” जाऊबाई म्हणाल्या आणि आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आल्या. पोर तशीच कडेवर. पायावर पाणी घातलं, तुकडा माझ्यावरून ओवाळायला लागल्या. तेवढ्यात पोरीनं विचारलं, “आई, ही कोन?”

जाऊबाईंचा हात तिथंच थांबला. ओट्यावरून सासू म्हणाली, “काकी हाय तुजी. बोटीतनं आली.”

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, म्हातारी माझी फिरकी घेतेय.

जेवणं झाल्यावर जाऊबाई पोरीला घेऊन गोठ्याकडं गेल्या तेव्हा मी सासूला धरलं. “आत्याबाई, पोरीला काकी काय म्हणून शिकवलंत?”

“मंग काय शिकवायचं? तू तिच्या वटीत घातलीस की. समद्या आळीम्होरं.”

“सांभाळायला ठेवली होती मी!”

“सांभाळाय ठेवायला नारळ लागतो व्हय?” म्हातारी शांतपणे म्हणाली. “तू गेलीस आन म्या गावात साखर वाटली. समद्यांनी खाल्ली. पान्यावर गेलेलं मानूस, आलीस तर आलीस. पोरीला एक आई पक्की नगं का?”

थोरले दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नसत. ते भिंतीकडं बघून आईला म्हणाले, “तिला म्हणावं, वटीतलं मागारी मागत न्हाईत.”

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. “पोटची पोर म्हणजे काय खण आहे का, घातला ओटीत आणि झाला तुमचा! मी मेले होते का? समुद्रापलीकडं तिच्यासाठीच दुसऱ्याची गू-मुतं काढत होते ना? साखर वाटलीत? कुणाच्या पोरीवर साखर वाटलीत?” आख्खी आळी गोळा झाली. कुणी म्हणालं, द्या बाबा तिची तिला. कुणी म्हणालं, दिलं ते दिलं. मी कुणाला आवरते! त्या दिवशी मी भांडण जिंकले. पण गोठ्याच्या दारातून माझी लेक माझ्याकडं बघत होती आणि भ्यायली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तुजीच हाय. घिऊन जा. आत्याबाईंचं मी बगते.” जराशानं म्हणाल्या, “झोपताना कानाची पाळी धरती ती. धरू दे. वरडू नगंस तिच्यावर.” आणखी चार शेंगा फोडल्या. “फकस्त मी रानात गेल्यावर ने. माज्या म्होरं नगं.” मला वाटलं होतं की त्या भांडतील. त्या भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी निघाले त्या दिवशी त्यांनी स्वतः तिला न्हाऊ घातलं, मी आणलेला झगा चढवला आणि खुरपं घेऊन मागल्या दारानं निघून गेल्या. झगा पोरीच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. साहेबाची मुलगी अंड्या-दुधावर वाढलेली, माझी भाकरीवर. दोन वर्षं मी कुणा दुसरीच्याच मापाची लेक मनात वाढवली होती.

पिंपरीला तेव्हा औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता. तिथल्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यात मी काम धरून ठेवलं होतं. मागं एक खोली, पुढं पेरूचं झाड. एस. टी.त पोर खूश होती, खिडकीतून म्हशी दाखवत होती. मी मनात म्हटलं, बघा, झाली की नाही माझी?

रात्री निजताना तिचा हात माझ्या कानाशी आला. पाळी चाचपली आणि मागं गेला. मग तिनं आपलाच कान धरला आणि झोपली. मी उशीत तोंड घालून रडले.

रडली ती नाही. रडली असती, आदळआपट केली असती, तर मी तिला जवळ घेतलं असतं. रडक्या पोरांचं मला सगळं कळतं. ही शहाण्यासारखी वागायची. पाहुण्यांकडं गेलेलं पोर वागतं ना, तशी. ताटातलं सगळं संपवायची. पाण्याला हात लावायच्या आधी विचारायची, “काकी, पानी घेऊ?” मी म्हणायची, “अगं, हे तुझंच घर आहे, मला काय विचारतेस?” ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. गोष्टी सांगून झाल्या, पेरू काढून देऊन झाले, घोडा-घोडा करून झालं. परक्यांची पोरं दोन दिवसांत माझ्या मागं मागं फिरायची, आणि माझी मात्र माझ्याकडं भाड्यानं राहिल्यासारखी राहत होती. एकदा मी चिडून म्हणाले, “काकी नाही मी. आई आहे. आई म्हण.” ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. त्या दिवसापासून तिनं मला हाकच मारायची सोडली. पाणी हवं असलं तर माठापाशी जाऊन नुसती उभी राहायची.

असे बरेच दिवस गेले. पोर वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. काय झालंय ते मला कळत होतं, पण मी कबूल होत नव्हते. नवरा गेला होता, सासर तुटलं होतं, एवढी एकच तर होती माझी. तीही देऊन टाकू? कुणी सांगितलंय?

एका संध्याकाळी मी चुलीशी भाकरी थापत होते. ती बाहेरून आली, न सांगता पाय धुतले, फडक्याला पुसले आणि माझ्या गुडघ्याला टेकून बसली. आजवर आपणहून अशी कधी बसली नव्हती. मी हालचाल करीना, न जाणो उठून जायची. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली,

“आई.”

भाकरी तव्यावर करपायला लागली, मला भान नव्हतं. पिठाच्या हातांनीच मी तिला जवळ घेतलं. “काय गं माझ्या राणी? काय गं सोन्या?”

ती माझ्या तोंडाकडं नीट बघून म्हणाली, “म्हनलं ना मी आई? आता मला आईकडं नेशील?”

सकाळच्या गाडीनं मी तिला कुरुळीला घेऊन गेले. झगा नाही घातला, तिचा जुना परकर घातला. रस्त्याला लागूनच आमचं रान. जाऊबाई कांद्याच्या वाफ्यात खुरपत बसल्या होत्या. पोरीनं त्यांना लांबूनच ओळखलं, माझा हात सोडला आणि बांधावरून पळत सुटली. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. पोर त्यांच्या पायांना जाऊन बिलगली, तरी त्या तिला उचलेनात, खुरपं हातात धरून नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मीच ओरडले, “बघताय काय जाऊबाई? घ्या की तिला वर!”

मग त्यांनी तिला कडेवर घेतलं. मी बांधापर्यंत गेले, कपड्यांची पिशवी खाली ठेवली. पोरीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले होते. तिथून ती माझ्याकडं वळून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

“काकी,” ती म्हणाली, “जेवून जाशील नव्हं?”

“व्हय गं बाळा,” मी म्हणाले. “जाते की जेवून.”