प्लेझाँस ते जिलो, पाऊण तास

मी इंग्रजांच्या फौजेत होते म्हटलं की आमच्या बेटावर गुडलँड्सच्या बाजारात बाया अजून हसतात. बंदूक नव्हती हो माझ्याकडे. कानाला हेडफोन होता. प्लेझाँसच्या विमानतळावर फौजेची एक खोली होती, तिथे मी वायरलेस ऑपरेटर. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा.

आमचं दोन इंजिनांचं छोटं विमान टपाल आणि औषधं घेऊन शेजारच्या रेयुनियाँ बेटावरच्या जिलो विमानतळावर जायचं. सव्वाशे सागरी मैल. जाताना वारा पाठीशी, म्हणून पाऊण तास. येताना तासभर. पायलट फ्लाइट लेफ्टनंट हॅरिस, अबोल इंग्रज. विमानातला सिग्नलर लान्स कॉर्पोरल लक्ष्मण, आपल्यातलाच मराठी, तेर रूज गावचा.

त्या दिवशी चक्रीवादळ आमच्या बेटाकडे येत होतं. अशा वेळी विमान आधीच दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवायची रीत होती. सकाळी निघताना लक्ष्मण दारातून डोकावला.

"ताई, लिची आणू?"

"आण. मागच्या वेळी नुसत्या साली आणल्यास."

"आतल्या लिच्या साहेबानं खाल्ल्या."

साहेब मागेच उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून बरं.

निम्म्या वाटेवरून त्याचा आवाज आला. "मध्यावर आहोत. वारा समोरून. वेग फार कमी. परत फिरू का? ओव्हर."

वादळानं वाट बदलली होती, म्हणून वारा फिरला होता. खोलीत माझ्यावर देखरेख करणाऱ्या सार्जंटनं खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीवर पत्रे उडत होते.

"इथे उतरता येणार नाही," तो म्हणाला. "पुढेच जाऊ दे."

मी तसं कळवलं.

"रॉजर, ताई."

वायरलेसवर ताई म्हणायची मुभा नव्हती. सार्जंटनं नोंदवहीत नुसतं 'रॉजर' लिहिलं. त्यानंतर आवाज आलाच नाही. मी जिलोला विचारत राहिले, ते "नाही आलं" सांगत राहिले. शेवटी सार्जंटनंच माझ्या कानावरचा हेडफोन काढला.

वादळ ओसरल्यावर मी तेर रूजला गेले. शेजारणी घरं झाडून मोकळ्या झाल्या होत्या. लक्ष्मणची आई, सकूकाकी, मात्र वादळानं घरभर पसरलेल्या पाल्यात बसली होती. आपल्यात माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. एरवी तिला पाऊण तास थांबावं लागे.

"पोचला का गो?"

"काकी, शोध चाललाय."

"शोधाचं नाय विचारलं. पोचला का?"

जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं.

"नाही."

"मग केरसुणीला हात लावायचा नाय कुणी. पोरगा वाटेत आहे."

पाला वाळला, काळा पडला, पायाखाली चुरला. महिन्याभरानं एक कॅप्टन आला. मी दुभाषी म्हणून सोबत. त्यानं टोपी काढली आणि इंग्रजीत सांगितलं, शोध थांबवलाय. ते मराठीत मलाच म्हणावं लागलं. काकीनं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला. तो गेल्यावर कोपऱ्यातली केरसुणी माझ्यापुढे धरली.

"तू झाड. शेवटचं त्याच्याशी तू बोललीस."

युनिफॉर्मवरच मी कमरेत वाकले. आतल्या खोलीपासून दारापर्यंत झाडत आले. काकी माझ्याकडे पाठ करून अंगणात बसली होती.

लान्स कॉर्पोरल लक्ष्मण. फ्लाइट लेफ्टनंट हॅरिस. झाडताना दोघांचीही नावं मी मनात घेतली. हॅरिससाहेबांच्या घरी कोण थांबलं होतं, ते आम्हाला कधी कळलं नाही.