मंगळवारची सीताफळं

मंगळवारी सकाळी सहाला ताईचा फोन आला. "हे गेले," ती म्हणाली. मी शर्ट घातला, चप्पल घातली आणि पंचवटीला निघालो.

रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं, ते सांगायला आजही संकोच वाटतो. मला आठवलं की आज मंगळवार आहे आणि ताईच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेली तीन सीताफळं आज पिकणार आहेत... या गोष्टीला सात आठवडे झाले. माणूस गेल्याचं दुःख असतं, ते मलाही आहे. पण त्याच्या जोडीने एक चीड आहे, आणि ती काही केल्या कमी होत नाही. ती कुणावर आहे हे नीट लिहून पाहावं म्हणून बसलो आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एस.टी.त कंडक्टर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी नाशिक–सटाणा गाडीवर काढली. त्या रस्त्याचा त्यांच्या डोक्यातला नकाशा फळांचा होता. ओझर-पिंपळगावकडे द्राक्षं, सटाण्याला डाळिंबं, मधल्या कुठल्याशा वस्तीवर एकाच झाडाचे पेरू, आणि देवळ्याच्या अलीकडे घाट लागतो तिथल्या फाट्यावर डोंगरातली सीताफळं. तिथे सुमनबाई नावाच्या बाई पाटी घेऊन बसायच्या. गाडी थांबली की त्या खिडकीतून विचारायच्या, "कधी खानार?" दाजी सांगायचे, "दोन आज, दोन उद्या, चार रविवारी." त्या तशी निवडून द्यायच्या. एकदा मी त्या गाडीत होतो. निवडानिवडीला वेळ लागला तसा मागून एक प्रवासी ओरडला, "ओ कंडक्टर, गाडी सटाण्याला चाललीय का बाजाराला?" दाजींनी मागे जाऊन एक पिकलेलं सीताफळ त्याच्या हातावर ठेवलं. "तिकिटात धरलेलं नाय, पण घ्या. तोंडात बिया असल्या की माणूस बोलत नाय." सगळी गाडी हसली, तो प्रवासीही हसला. मी मात्र खिडकीबाहेर बघत बसलो. चारचौघांत असं मोठ्याने बोलणं मला कधी जमलं नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दाजी मला 'पुस्तकवाले' म्हणायचे.

तिकिटांची यंत्रं आली आणि कंडक्टरच्या पत्र्याच्या पेट्या मागे पडल्या. कडी तुटलेली म्हणून टाकून दिलेली एक पेटी दाजींनी मागून घेतली आणि तिची फळं पिकवायची अढी केली. तळाला भाताचा पेंढा, वर माझ्याकडून नेलेली जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यात ओळीने मांडलेली फळं. प्रत्येक फळाखाली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर वार. बुध. गुरू. शनि. अंगठ्याने देठापाशी हलकं दाबायचं, नाकाशी धरायचं आणि वार सांगायचा. तो सहसा चुकत नसे. दर रविवारी ते माझ्याकडे पिशवी घेऊन यायचे. "हे आज संध्याकाळी. हे उद्या. आणि हे परवा, त्याआधी हात लावायचा नाय, पुस्तकवाले." मी मान डोलवायचो, सांगितल्या दिवशी खायचो. चाळीसएक वर्षं मी अशी फळं खाल्ली आणि त्यातलं एकही स्वतः निवडलं नाही.

माझ्या इमारतीच्या तळमजल्यावर सुपरमार्केट झालं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं हे कबूल करतो. गारवा, उजेड, आणि कुणाशी बोलायची गरज नाही. भाव करायचा नाही, 'काका, घ्या की' म्हणून कुणी हाक मारत नाही. पुस्तकांच्या मांडणीसारखी फळांची मांडणी. सारख्या आकाराची सफरचंदं, प्रत्येकावर चिकटवलेला कागद. पपयांना वर्तमानपत्राऐवजी पांढरी जाळी. एकदा मी हौसेने तिथून पपई आणि द्राक्षं घेऊन ताईकडे गेलो. पपई बाहेरून केशरी, आतून काकडी. द्राक्षं दिसायला टपोरी आणि चवीला पाणी. ज्या जिल्ह्यातून द्राक्षांच्या गाड्या भरून देशोदेशी जातात, तिथे आम्ही तिघं बसून पाणी चावत होतो. दाजींनी पपईची फोड खाली ठेवली. "हे झोपेतून उठवलेलं फळ हाय," ते म्हणाले. "आता काय केलं तरी त्याची झोप पुरी होनार नाय." ताई त्यांना म्हणाली, "आणलंय ना त्याने प्रेमाने, खा की." ते म्हणाले, "प्रेमाने दगड आणला तर दगडच ना?" पण फोड खाल्ली सगळी.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, दोन महिने दवाखाना झाला, आणि दसऱ्याच्या आसपास डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अन्न जात नव्हतं. पेज दोन चमचे, पाणी घोट घोट. तोंडाला चव नाही म्हणायचे. मग एका दुपारी ते स्वतःहून म्हणाले, "पुस्तकवाले, एक सीताफळ खायचंय." महिन्याभरात त्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू.

मी त्याच संध्याकाळी खाली उतरलो आणि सुपरमार्केटमधून चार सीताफळं घेतली. हिरवीगार, मोठी, एकावर डाग नाही. दाजींनी हातात घेऊन पाहिली. पेटीत ठेवायला सांगितलं, पण चिठ्ठी ठेवली नाही. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर फळं काळी पडली होती, आणि आत तशीच घट्ट. "याला थंडी बाधलीय," दाजी म्हणाले. "शीतपेटीत घातलं की सीताफळ संपलं. पिकनार नाय, सडेल." मी ती काळी फळं घेऊन परत खाली गेलो. तिथल्या काउंटरवरच्या बाई सभ्य होत्या.

"सर, हा नवा माल फ्रेश आहे. आजच आलाय."

"पण हे पिकणार कधी?"

त्यांनी नवं पाकीट उलटं करून पाहिलं. "सोमवारपर्यंत चालेल, सर."

"सोमवारी पिकेल?"

"नाही सर, सोमवारपर्यंत विकायचं आहे."

त्यांनी बदलून दुसरी दिली. दुसरीही त्याच गार कपाटातली होती. मी ती घेतली. हेच मला आज समजत नाही. मला माहीत होतं, तरी घेतली, कारण ती जवळ होती आणि कॉलेज रोडच्या फळवाल्याशी मला बोलावं लागलं असतं. त्यानंतर मी दुसऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो, तिथेही तीच जाळी, तोच गारवा. यात आठ-नऊ दिवस गेले. दाजींकडे मोजकेच उरले होते, पण ते मी मोजत नव्हतो.

रविवारी सकाळी मी एस.टी. पकडली आणि देवळ्याच्या अलीकडच्या त्या फाट्यावर उतरलो. सुमनबाई होत्या. केस पांढरे झालेले, पाटी तीच. मी पाटीतली फळं बघत राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय भाऊ, फळं बघायला आला का घ्यायला?" मी दाजींचं नाव सांगितलं.

"पेटीवाले कंडक्टर? लय दिवस झाले. बरे हायेत ना?"

"बरे नाहीत," मी म्हणालो. "त्यांनी सीताफळ मागितलंय."

त्यांनी पाटीच्या तळातून एक फळ काढलं. डोळे उघडलेले, मधल्या रेघा दुधासारख्या, वासावरूनच कळावं. मग थांबल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "कधी खानार?"

मी म्हणालो, "परवा चालेल."

खरं तर आज म्हणायला हवं होतं. तीन तासांत मी पंचवटीत पोचलो असतो. पिकलेलं फळ गाडीत चेंगरेल असं मनाशी म्हटलं, पण ते कारण नव्हतं. आज म्हटलं असतं, तर त्यांनी 'आजच का' असं विचारलं असतं आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. शिवाय दाजींची रीत अशीच होती. फळ आणायचं, पेटीत ठेवायचं, वाट बघायची. त्यांच्याकडे वाट बघण्यापुरते दिवस आहेत असं मला धरून चालायचं होतं... त्यांनी ते पिकलेलं फळ परत पाटीत ठेवलं आणि तीन कच्ची निवडून दिली.

दाजींनी तिन्ही फळं छातीवर ठेवून घेतली. देठापाशी अंगठा लावायला जोर नव्हता, तरी लावला. एकेक नाकाशी धरलं. "हे खरं," ते म्हणाले. "कुठलं, ते सांगू नका. घाटातलं." मग ताईला म्हणाले, "लिही. मंगळ."

मंगळवारी दुपारी आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा घरात वास सुटला होता. आंघोळी झाल्या. चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या वहिनींनी पिठलं-भात आणून ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नाही. ताई उठली, ओट्याखाली बसली आणि पेटी उघडली. तिन्ही फळांचे डोळे उघडले होते. तिने एक फोडलं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "खा," ती म्हणाली. "त्यांनी मंगळवार म्हटलं होतं." मी खाल्लं. ते गोड होतं. मला इतका राग आला की बिया तोंडात ठेवून मी कितीतरी वेळ तसाच बसलो.

सुपरमार्केट अजून खाली आहे. साबण, तांदूळ, काडेपेटी मी तिथूनच आणतो. फळांच्या मांडणीसमोरून जाताना मान वळवतो. फळं आता कॉलेज रोडच्या हातगाडीवरून घेतो. त्या गाडीवाल्याशी बोलायचा सराव करतो आहे, तो हसतो, आणि मला अजून बऱ्याचदा फसवतो.

ताईने पेटी मला दिली. ती माझ्या टेबलाखाली आहे. आत चार चिकू आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. चारही चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. मला अजून वार सांगता येत नाही.