विरजणावर पीएचडी

प्रत्येक माणसाच्या नावाने पृथ्वीवर कुठेतरी पीएचडीची एक जागा रिकामी असते आणि ती केवळ अर्ज वेळेवर न केल्यामुळे वाया जाते, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला आहे: आमच्या हिचे मामा. कुळगावच्या त्यांच्या घरात देवांपेक्षा जीवशास्त्रातल्या संशोधनाच्या जाहिरातींची कात्रणं जास्त. बारशाला गेले तर अहेराच्या पाकिटाबरोबर पाळण्यात एक कात्रण. खरवईच्या भाजीवालीची मुलगी बीएस्सी झाल्याचं कळलं, तेव्हा मेथीची जुडी काखेत धरून तिथेच तिचा फॉर्म भरायला बसले. ती आज खरोखरच हैदराबादेत पेशींवर काम करते, हे मात्र मान्य केलं पाहिजे. मामांनी स्वतःला चोविसाव्या वर्षी मिळालेली जागा वडील गेले म्हणून सोडली, अंबरनाथच्या औषधांच्या कारखान्यात लॅबला लागले, तीन बहिणींची लग्नं लावली. स्वतःचं लग्न 'पीएचडी झाल्यावर बघू' म्हणता म्हणता राहूनच गेलं. चोपन्नाव्या वर्षी मात्र प्रवेश परीक्षा पास झाले. उरली फक्त मुलाखत.

विषय होता घरगुती विरजणातले जिवाणू. सासूकडून सुनेकडे आलेल्या विरजणात प्रत्येक घराचे खास जिवाणू असणार, त्यांचा डीएनए तपासायचा. मामा छोट्या बाटल्या घेऊन दारोदार चमचाभर विरजण मागत हिंडू लागले. अंबरनाथ पूर्वेला आमच्याकडे आले तेव्हा ही बाहेर गेली होती आणि घरचं दही साखर घालून मी नुकतंच फस्त केलं होतं. जावयाने मामेसासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? फ्रिजमध्ये डेअरीच्या दह्याचा डबा होता, त्यातलं चमचाभर गुपचूप दिलं. "किती जुनं?" मामांनी विचारलं. "आजीच्या वेळचं. देवगडचं." इथे थांबलो असतो तरी चाललं असतं; पण आजीने ते बोटीतून मांडीवर धरून आणलं, हेही मी सांगून टाकलं. मामांचे डोळे पाणावले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांना कोट घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो.

"साईं, बेटे की शादी?" सिंधी दुकानदाराने विचारलं.

"इंटरव्ह्यू है. पीएचडी का."

"किसका?"

"मेरा."

दुकानदाराने आदराने आणखी दोन कोट काढले. एक चढवून मामा आरशासमोर उद्याचं बोलणं घोकू लागले. "माझ्या संशोधनाचा पाया म्हणजे नमुना क्रमांक एक, देवगडचं तीन पिढ्यांचं विरजण..."

"मामा, ते डेअरीचं आहे. घरचं मी खाल्लं होतं."

"आणि आजी? ती बोट?"

"आजीला बोट नुसती बघूनच मळमळायचं. ती कधी चढलीच नाही."

मामा कोटासकट स्टुलावर बसले. "जावईबापू, तीस वर्षं थांबलोय मी." एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. दुकानदाराने त्यांना पाणी दिलं. मला नाही दिलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मुलाखतीत आपणहून तो नमुना बाद केला. "नातेवाइकाच्या शब्दावर न तपासता घेतला. चूक माझी. आता प्रत्येक घरी पुन्हा जाईन," असं सांगितलं म्हणे. समितीतल्या एक बाई हसल्या. त्याच त्यांच्या गाइड झाल्या. वयाने मामांच्या भाचीएवढ्या.

मामा आता पुण्यात होस्टेलवर राहतात. परवा फोन आला. "इथली पोरं मला डॉक्टर म्हणून हाक मारतात हो."

"मग?"

"मी ओ देत नाही. इतकी वर्षं थांबलो, आणखी पाच थांबेन."

मी "हो मामा" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर उगाचच त्यांचं वय मोजत बसलो.