पुलीवरचा कुंकवाचा ठिपका

आधीच सांगतो, मी दादरला शाळेत सायन्स शिकवतो. अमावास्या, उतारे, लिंबू-मिरची... वर्गात या सगळ्याची मी यथेच्छ टिंगल करतो. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण मे महिन्यापासून डोक्यातून जात नाही!

आमची गाडी बाबांची. ते गिरणीत फिटर होते, गाडीचं बरंचसं काम स्वतःच करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा आईचं रेडिएशन सुरू झालं — परळला, सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी नऊला. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आईचा हट्ट, "ह्यांच्या गाडीतनंच जाईन. टॅक्सीत मळमळतं मला." त्यात इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलायला आला होता. वाटेत तुटला तर इंजिनाचे बारा वाजतात, म्हणून रविवारी गाडी लालबागला मिलिंदच्या गॅरेजमध्ये नेली. मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त.

कव्हर काढलं तर आतल्या दातेरी पुलीवर लाल ठिपका. "हे काय रे, पूजा?" मिलिंद हसला. दसऱ्याला बाबा पान्यांपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लावायचे. मी म्हटलं, "पुसून टाक." त्याने पेट्रोलच्या फडक्याने पुली घासली, बेल्टची जागा दाखवणाऱ्या कंपनीच्या खुणा जुळवल्या, त्याच्या पद्धतीप्रमाणे मोबाइलवर फोटो काढला आणि नवा बेल्ट चढवला.

सोमवारी परळच्या पुलावर गाडी चढेना! अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी नुसती घरघर... मागून हॉर्न, बाजूला आई घामाघूम. कसेबसे पोचलो. मंगळवारी तर ठाकूरद्वारला, आमच्या वाडीच्या तोंडाशीच बंद पडली. आई उतरली आणि सरळ घरी गेली. टॅक्सी दारात आणली तरी ऐकेना. "आज नाही जायचं मला." मी तिच्यावर ओरडलो, मग जिन्यात जाऊन रडलो.

त्याच दुपारी मिलिंदने बिघाड शोधणारा स्कॅनर लावला. काही नाही. प्लग, फिल्टर ठीक. बेल्ट एक दात जरी सरकला तरी इंजिनाची ताकद जाते, म्हणून कव्हर काढून खुणा पाहिल्या. सगळं जागेवर, पुली स्वच्छ. बुधवारी पुन्हा तीच रड, आईचा दुसरा दिवस बुडाला.

दुपारी मी गॅरेजमध्येच ठाण मांडलं. मिलिंदने माझ्यासमोर कव्हर काढलं... ठिपका होता. लालभडक, बोटाने टेकवलेला. कंपनीच्या खुणेपासून बरोब्बर एक दात पुढे.

"मिल्या, ही चेष्टा करायची वेळ आहे?"

"आईशप्पथ नाही रे! आम्ही बौद्ध माणसं, माझ्या गॅरेजात कुंकू कुठनं येणार?"

त्याने मोबाइलवर रविवारचा फोटो उघडला. पुली लख्ख. मी म्हटलं, जुना डाग वर आला असेल. मिलिंदने हलकेच बोट लावलं, बोटाला कोरडी पूड लागली.

त्याने बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "ह्याच्यावर लावून बघू? फार तर परत खोलू." कंपनीची खूण सोडून त्याने ठिपका धरून बेल्ट पुन्हा चढवला, पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलं, कुठे अडत नव्हतं. मी किल्ली फिरवली. गाडी अशी सुरू झाली की मिलिंदने नुसतं "आयला" म्हटलं.

मिलिंदच्या मते पुली दुसऱ्या मॉडेलची आहे, त्यामुळे तिच्यावरची खूण मुळातच चुकीची. बाबांनीच कधीतरी ती बसवली असणार आणि खरी जागा कुंकवाने दाखवून ठेवली असणार. हे मला पटतं. मी तो ठिपका पूजा समजून पुसायला लावला, हेही मान्य. पण पुसलेला परत कसा आला?

गुरुवारपासून आईची एकही खेप चुकली नाही. बुडालेले दोन दिवस डॉक्टरांनी शेवटी भरून घेतले. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मिलिंद सारखा मागे लागलाय, नवी पुली बसवून घे, पेंटने पक्की खूण करू. मी टाळतोय. कव्हर काढल्यावर ठिपका दिसला तर मी घाबरणार नाही. नसला तर काय करू, हे मात्र मला कळत नाही.